कोविडच्या साथीच्या काळात आणि नंतर कामावरची माणसं कशी सांभाळली? तुमचे अनुभव हवेत

रानजाई | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कारखान्यात मी एचआरला आहे. अकरा वर्षं झाली. कायम आणि कंत्राटी धरून आमच्याकडे साडेतीनशेच्या आसपास माणसं आहेत.

सध्या कंपनीची आपत्कालीन योजना नव्याने लिहायला घेतली आहे. आग लागली तर कुठे जमायचं, गॅसगळती झाली तर कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, याची पानंच्या पानं आहेत. साथरोगाच्या प्रकरणातही मास्क, तापमान तपासणी, शिफ्टची विभागणी, सगळं तपशीलवार आहे. शेवटी 'कर्मचाऱ्यांचे मानसिक आरोग्य' असं शीर्षक आणि त्याखाली एकच ओळ: 'आवश्यकतेनुसार समुपदेशन उपलब्ध करून द्यावे.' २०२० साली ती ओळ मीच लिहिली होती. आता तिच्या जागी दोन पानं लिहायची आहेत. लिहायला बसले की मला टूलरूममधलं एक लॉकर आठवतं.

एप्रिल-मे २०२१ मध्ये आमची तीन माणसं गेली. पेंटशॉपचा एक ऑपरेटर, वय ३४. कँटीनमधले एक काका. आणि टूलरूमचे नाना, ज्यांच्या हाताखाली निम्मी टूलरूम शिकली. राज्यात तेव्हा दिवसाला साठ हजारांवर रुग्ण सापडत होते. कुणाच्या आईला बेड, कुणाच्या भावाला रेमडेसिवीर, अशी रात्रभर फोनाफोनी चालायची. रडायला कुणाला सवड नव्हती. नानांच्या अंत्यविधीला टूलरूममधलं कुणीही जाऊ शकलं नाही.

जूनमध्ये मी चार वेबिनार घेतले. 'सकारात्मक राहा', 'तणावमुक्त जीवन' असे विषय. हजेरी सक्तीची. टूलरूमच्या मुलांनी एकही प्रश्न विचारला नाही आणि मी अहवालात लिहिलं, 'प्रतिसाद समाधानकारक'.

दिवाळीनंतर अॅडमिनने मोकळ्या करायच्या लॉकरची यादी काढली. नानांचा नंबर त्यात होता. कुलूप तोडायला माणूस आला तशी टूलरूम थांबली. मशीन बंद करून सगळे लॉकरसमोर येऊन उभे राहिले. भांडण नाही, आरडाओरडा नाही, नुसते उभे. मला खाली बोलावलं. काय बोलावं सुचेना. मी कुलूपवाल्याला परत पाठवलं आणि नानांच्या मुलाला फोन केला. तो शनिवारी किल्ली घेऊन आला. आत चष्म्याचं घर, फडक्यात गुंडाळलेलं मापं घ्यायचं व्हर्नियर, एक पितळी डबी आणि त्याच्याच दहावीच्या मार्कशीटची झेरॉक्स. त्याने व्हर्नियर हातात घेतलं, वरचं तेल पुसलं आणि विचारलं, 'हे इथे कुणी वापरेल का?' तेव्हा त्या खोलीत माणसं पहिल्यांदा रडली. नाना जाऊन सात महिने झाले होते.

त्या संध्याकाळी एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, 'मॅडम, मी एप्रिलपासून झोपलेलो नाही. नानांना कणकण होती तरी मीच त्यांना म्हटलं होतं, आजची डबल शिफ्ट काढा, माणूस नाहीये.' हे ओझं घेऊन तो माझ्या चारही वेबिनारला बसला होता.

एक गोष्ट मात्र आमच्या हातून बरी झाली होती, आणि ती मनाचा वगैरे विचार करून केलेलीच नव्हती. पीएफबरोबरच्या विम्याची कमाल रक्कम एप्रिल २०२१ मध्येच सात लाख झाली होती. तो दावा, पेन्शन, ग्रॅच्युइटी, सगळे फॉर्म घेऊन आम्ही नानांच्या आणि ऑपरेटरच्या घरी गेलो आणि तिथेच बसून भरले. पुढे लाइनवरचे एक जण मला म्हणाले, 'तुम्ही कागद घेऊन त्यांच्या घरी गेलात हे कळलं त्या रात्री मला झोप लागली. म्हटलं, उद्या आपलं काही झालं तरी घरी कुणीतरी येईल.'

तर मंडळी, तुमच्याकडे काय झालं ते लिहा. कशाने धीर आला, कशाने मन उडालं? 'जागरूकता सत्रे घ्यावीत' असलं काही मला पुन्हा लिहायचं नाही.

वॉर्ड_सात | सोमवार, रात्री ११:५५

ताई, मी मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आज नाइट आहे, वॉर्ड जरा निवांत आहे म्हणून लिहिते.

आमच्याकडेही समुपदेशन कक्ष उघडला होता. नेमका वरिष्ठांच्या केबिनला लागून. दाराशी रजिस्टर: नाव, हुद्दा, वॉर्ड, येण्याचे कारण. त्या कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? कोणीही गेलं नाही. महिन्याभराने 'कर्मचाऱ्यांना गरज नाही' म्हणून खोली बंद केली आणि तिथे ग्लोव्हजची खोकी ठेवली.

आम्हाला तारलं आमच्या इन्चार्ज सिस्टरनी. त्या वेळी नातेवाइकांना आत सोडत नव्हते, त्यामुळे माणूस गेला की घरी फोन करून सांगायचं काम आमच्याकडेही यायचं. ते काम एकीला सलग दोन दिवस द्यायचं नाही, असा त्यांनी नियमच केला. एखादीला एका दिवसात तीन घरांना फोन करावे लागले, तर उरलेली ड्यूटी तिला बेडसाइडला ठेवायच्या नाहीत, स्टोअरची मोजदाद द्यायच्या. किट उतरवून आलेल्या माणसाला पंधरा मिनिटं कुणी हाक मारायची नाही, मग तो सिस्टर असो, मामा असो की मावशी. चहा तयार असायचा. 'मनाने कशी आहेस' असं त्यांनी कधी विचारलं नाही. 'जेवलीस का? लेकीला फोन केलास का?' एवढंच. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि मी अडीच महिने हॉटेलवर होते. एकदा नवरा तिला बिल्डिंगखाली घेऊन आला. तिने वर बघून हात हलवला आणि मग बाबांना विचारलं, 'आई कुठली?' मास्क लावलेल्या आम्ही सहा जणी खिडकीत उभ्या होतो.

त्रास मला तेव्हा झाला नाही. २०२२ मध्ये झाला. वॉर्ड पुन्हा नेहमीसारखा झाला, फुलं देऊन झाली, प्रमाणपत्रं वाटून झाली, आणि माझे हात थरथरायला लागले. मिठाईच्या दुकानात वजनकाटा वाजला तरी मॉनिटरचा अलार्म वाटायचा. पंधरा दिवस रजा मागितली. उत्तर मिळालं, 'आता तर पेशंट कमी आहेत, आता कसला ताण?'

दोन पानं लिहिणार असाल तर त्यातलं एक पान साथ संपल्यानंतरच्या दिवसांसाठी ठेवा.

भोसरीकर | मंगळवार, सकाळी ७:२०

दोघींचं वाचून सुन्न झालो. माझं छोटं वर्कशॉप आहे. चार सीएनसी, दोन लेथ, चौदा माणसं. आमच्याकडे एचआर वगैरे नाही, मी आणि माझी बायको.

२५ मार्च २०२० ला लॉकडाउन लागला तेव्हा नऊ पोरं बिहार आणि यूपीची होती. सगळी वर्कशॉपच्या माळ्यावर राहिली. खाण्यापिण्याचं मी बघत होतो. त्यांना भुकेची भीती नव्हती, भीती होती ती आपण इथेच अडकून मरू याची. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर एकेक व्हिडिओ बघत बसायची आणि एकाला बघून दुसरा घाबरायचा. १ मे पासून श्रमिक ट्रेन सुरू झाल्या, त्यातून सहा जण गेले.

उरलेल्यांबरोबर मी एक गोष्ट सुरू केली. दर शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना बसवून वही उघडायची. हातात ऑर्डर किती, बँकेत पैसे किती, किती महिने पगार निघेल. एका शनिवारी सांगावं लागलं की पुढचा महिना अर्धाच पगार देऊ शकेन. मला वाटलं, सोडून जातील. त्यातला सगळ्यात जुना पोरगा म्हणाला, 'सेठ, हमें लगा था आप बंद करने वाले हो. आधा चलेगा.' खरा आकडा कळल्यावर त्यांची झोप सुधारली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मालकाच्या मनाचंही कुणीतरी लिहा. हप्ते, जीएसटी, पगार आणि घरी वडील ऑक्सिजनवर. मी कुणाजवळ बोलणार होतो?

मनोमन | मंगळवार, दुपारी १:१०

मी ठाण्यात समुपदेशक म्हणून काम करते. रानजाई, तुमचं लॉकर आणि वॉर्ड_सात, तुमची इन्चार्ज सिस्टर, या दोन गोष्टींत आमच्या विषयाचं बरंचसं सार आलं आहे. थोडी माहिती जोडते.

चीनमध्ये हुनान प्रांतात चांगशाला सेकंड शियांग्या नावाचं रुग्णालय आहे. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी कर्मचाऱ्यांसाठी मानसोपचाराची मोठी व्यवस्था उभी केली. पथकं, हॉटलाइन, गटचर्चा, सगळं. परिचारिका येईनात. मग त्यांनी जाऊन विचारलं. परिचारिका म्हणाल्या, आम्हाला मानसोपचारतज्ज्ञ नको, मध्येच कुणी न उठवता विश्रांती हवी, संरक्षक साहित्य पुरेसं हवं, आणि घाबरलेला किंवा सहकार्य न करणारा रुग्ण कसा हाताळायचा ते शिकवा. रुग्णालयाने बेत बदलला. विश्रांतीची जागा केली, जेवणाची हमी दिली, रुग्णालयातल्या दिनक्रमाचे व्हिडिओ काढून घरी दाखवायला मदत केली. समुपदेशक त्या विश्रांतीच्या जागी नुसते जाऊन बसू लागले, आणि मग तिथे माणसं आपणहून बोलू लागली. 'द लॅन्सेट सायकिअॅट्री'मध्ये त्याच वर्षी हे छापून आलं होतं. मी प्रत्येक कंपनीत आधी ही गोष्ट सांगते.

दुसरं, रानजाई, योजनेत चुकूनही असं लिहू नका की घटना घडल्यावर सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाकडून काय झालं ते वदवून घ्यावं. एके काळी हे फार चालायचं. अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढू शकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही ती पद्धत वापरू नका असंच सांगते. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार आहे. २०११ साली संघटनेने त्याची पुस्तिका काढली. बघा, ऐका, जोडा, अशा तीन क्रिया. आधी माणूस सुरक्षित आहे का, काही खाल्लंय का, घरी संपर्क झालाय का ते बघायचं. तो बोलेल तेवढंच ऐकायचं, खोदून विचारायचं नाही. आणि त्याला ज्याची गरज आहे तिथे त्याला जोडून द्यायचं. याला डॉक्टर लागत नाही. सुपरवायझर दोन दिवसांत शिकतो. तुमच्या इन्चार्ज सिस्टर ते न शिकताच करत होत्या.

वॉर्ड_सात, तुमचे हात २०२२ मध्ये थरथरले यात नवल नाही. संकट चालू असताना शरीर सगळं दाबून धरतं आणि धोका टळला की सोडतं. नेमक्या त्याच वेळी सगळ्या सोयी बंद झालेल्या असतात. अजूनही त्रास होत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि तिथे 'कारण' लिहायचं रजिस्टर नाही.

भोसरीकर, हे तुमच्यासाठीही. मालक आहात म्हणून फोन उचलायचा थांबत नाही कुणी.

ओंटारिओकर | मंगळवार, रात्री ८:०५

मी टोरांटोच्या एका रुग्णालयात श्वसनोपचार विभागात आहे. इथे २००३ साली सार्सची, म्हणजे कोविडसारख्याच एका श्वसनरोगाची, साथ आली होती. कॅनडात ४४ माणसं गेली, बहुतेक टोरांटो भागातली, त्यात दोन परिचारिका आणि एक डॉक्टरही होते. मी नंतर आलो, पण माझ्या विभागातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या बोलण्यात ते दिवस सारखे येतात.

त्या साथीनंतर १३ ते २६ महिन्यांनी इथल्या संशोधकांनी सार्सचे रुग्ण हाताळलेल्या टोरांटोच्या रुग्णालयांतले कर्मचारी आणि जिथे सार्स पोचला नव्हता अशा हॅमिल्टनमधले कर्मचारी, अशी तुलना केली. २००६ मध्ये निष्कर्ष आले. टोरांटोच्या लोकांमध्ये इतक्या दिवसांनीही थकवा आणि मानसिक त्रास जास्त होता. कामाचे तास कमी करून घेण्याचं, रुग्णांशी थेट संबंध येईल असं काम टाळण्याचं प्रमाणही जास्त होतं. म्हणजे वॉर्ड_सात ताईंचं २०२२ काही एकट्या त्यांचं नव्हे.

त्यातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग पुढचा आहे. आपल्याला प्रशिक्षण, संरक्षण आणि वरिष्ठांचा पाठिंबा पुरेसा मिळाला असं ज्यांना वाटत होतं, त्यांना त्रास कमी होता. म्हणजे २०२१ मध्ये नीट मास्क मिळाला की नाही यावर २०२३ ची झोप अवलंबून असते. ही गोष्ट फायनान्सवाल्यांना जरूर दाखवा.

जुना_फोरमन | बुधवार, सकाळी ६:३०

सगळं वाचलं. वय ६८, पिंपरीच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालो. थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये.

माझे वडील १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेले. घरातलं एक लेकरू त्या वर्षी गेलं. वडील तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. त्यांना कुणी समुपदेशन दिलं नाही. काम हेच औषध होतं. इतकी वर्षं झाल्यावर तेच तेच उकरून काढलं तर खपली निघणार नाही का? माणसं पुढे गेली आहेत, त्यांना जाऊ द्यावं असं मला मनापासून वाटतं.

पण एक सांगतो. आमच्या शॉपमध्ये कुणाच्या घरी मयत झाली किंवा कुणी मोठ्या दुखण्यातून उठून आला, तर पहिला महिना त्याला प्रेसवर उभा करत नसू. हलकं काम द्यायचं, शेजारी जुना माणूस द्यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला एकटा बसू द्यायचा नाही. लेखी नव्हतं हे कुठे. प्रेसवर लक्ष चुकलं तर बोटं जातात, म्हणून सुरू झालं असेल. आता टार्गेट पहिल्याच दिवसापासून पूर्ण मागतात. ते चूक आहे.

वॉर्ड_सात | बुधवार, सकाळी ९:१५

काका, राग कसला. पण तुमचे वडील पुढे गेले की नुसते गप्प झाले, हे कुणी विचारलं होतं का त्यांना? माझे आजोबा गिरणीत होते, १९८२ च्या संपात नोकरी गेली. तेही 'पुढे गेले'. आम्ही त्यांना दुपारी चारच्या सुमाराला नुसते दाराशी येऊन उभे राहिलेले बघायचो. शिफ्ट सुटायची ती वेळ होती. मरेपर्यंत.

तुमचं हलक्या कामाचं मात्र सोन्यासारखं आहे. मला २०२२ मध्ये एवढंच मिळालं असतं तरी पुरलं असतं.

जुना_फोरमन | बुधवार, सकाळी ९:५०

वडील त्या लेकराचं नाव कधी घ्यायचे नाहीत. खरं आहे तुमचं.

निळी_खिडकी | बुधवार, दुपारी २:३०

आयटीतून थोडकं लिहिते. घरून काम होतं, त्यामुळे बाहेरून आमचं सगळं छानच दिसत होतं. टीममधला मित्र मे २०२१ मध्ये गेला. ऑगस्टमध्ये त्याच्या वाढदिवसाला सिस्टिमने सकाळी नऊला सगळ्यांना आपोआप मेल पाठवला, फोटोसकट, 'शुभेच्छा द्या' असं बटण खाली. दोन नव्या मुलांनी शुभेच्छा दिल्यासुद्धा. त्यांना ठाऊकच नव्हतं. रानजाई, गेलेल्या माणसाचं नाव कुठल्या कुठल्या यादीतून कुणी आणि कधी काढायचं, आणि त्याआधी टीमला विचारायचं, हे तुमच्या पानात असू द्या. आमच्या मॅनेजरने त्या दिवशी दुपारच्या सगळ्या मीटिंग रद्द केल्या आणि म्हणाला, ज्यांना नुसतं लाइनवर बसायचंय त्यांनी बसा. तासभर आम्ही अकरा जण कॅमेरे बंद करून बसलो होतो. मध्येच कुणीतरी त्याची एखादी आठवण सांगायचं. कुणी सक्ती केली नव्हती.

आशाची_लेक | बुधवार, रात्री १०:२०

धागा वाचून राहवलं नाही. माझी आई सातारा जिल्ह्यात आशा सेविका आहे. कर्मचारी म्हणावं का हाच प्रश्न, कारण सरकारी कागदावर ती स्वयंसेविका, पगार नाही, मानधन. त्यामुळे रजा हा शब्दच तिच्यासाठी नाही.

२०२० मध्ये मुंबई-पुण्याहून गावी आलेल्यांची यादी करायचं काम तिच्याकडे. नंतर 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं घरोघरी सर्वेक्षण. हातात थर्मल गन आणि ऑक्सिमीटर. ज्या घरात तिने पाच बाळंतपणांना दवाखान्यात सोबत केली, त्या घराने दार लावून घेतलं, 'तूच घेऊन येशील रोग'. पाणी भरायला गेली की बायका बाजूला व्हायच्या. कोविडच्या कामाचा भत्ता महिना हजार रुपये. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला तेव्हा लोकांना वाटलं पैशासाठी. पैसा होताच, पण आई म्हणायची, 'आम्ही माणसं आहोत हे तरी कुणी म्हणावं.' २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, ती बातमी तिने कापून देवघरात ठेवली आहे.

तिला कशाने धीर आला सांगते. त्यांच्या गटप्रवर्तक ताई, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या, रोज रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकायच्या. आज कुठल्या गावात काय झालं, उद्या काय करायचं, आणि एखादीशी कुणी वाईट वागलं असेल तर 'उद्या मी तिच्याबरोबर त्या घरी जाणार आहे.' आणि खरंच जायच्या. आई तो निरोप दोन-दोनदा ऐकायची, मग झोपायची.

रानजाई ताई, एक विचारू? तुम्ही तीन माणसं गेली म्हणालात आणि कागद घेऊन दोन घरी गेलात. कँटीनच्या काकांच्या घरी कोण गेलं?

रानजाई | बुधवार, रात्री ११:४५

कुणी गेलं नाही.

काका ठेकेदाराच्या हजेरीपटावर होते. आमच्या गेटमधून सोळा वर्षं आत येत होते, पण कागदावर आमचे नव्हते. ईएसआयसीने, म्हणजे कामगार राज्य विमा महामंडळाने, जून २०२१ मध्ये कोविडने गेलेल्या विमाधारकांच्या कुटुंबांसाठी योजना आणली होती, सरासरी मजुरीच्या ९० टक्के दरमहा. त्यांचा अर्ज ठेकेदाराकडे चार महिने पडून होता. मी दोनदा फोन केला आणि आपलं काम झालं असं मानलं. आज तुमचा प्रश्न वाचून मी योजनेचा मसुदा पुन्हा उघडला. त्यात सगळीकडे 'कर्मचारी' असा शब्द आहे आणि पहिल्या पानावरच्या व्याख्येत कर्मचारी म्हणजे 'कंपनीच्या पटावरील व्यक्ती'. साडेतीनशेतली निम्मी माणसं त्या एका ओळीने बाहेर राहतात. हे मला आजपर्यंत दिसलं नव्हतं. तुमचे मनापासून आभार. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

भोसरीकर | गुरुवार, सकाळी ७:००

रानजाई, तुमची पानं झाली की आमच्यासारख्यांसाठी साध्या भाषेत इथे टाका. आमच्या गल्लीत बावीस वर्कशॉप आहेत, मी वाटीन.

काल १४४१६ ला फोन केला. अर्धा तास बोललो. वडील गेल्याचं पाच मिनिटंच बोललो असेन, बाकी सगळं हप्त्यांचं. ऐकून घेतलं.

रानजाई | रविवार, रात्री ८:३०

शुक्रवारी मसुदा बैठकीत मांडला. भोसरीकर, साध्या भाषेत सांगते.

व्याख्या बदलली: गेटमधून कामासाठी आत येणारा प्रत्येक माणूस. साथ चालू असताना दर आठवड्याला प्लांट हेड स्वतः शॉप फ्लोअरवर येऊन उत्पादन, पगार आणि नोकऱ्यांची स्थिती सांगणार, वाईट बातमी असली तरी. ही तुमची वही आहे. आजारातून किंवा मयतीनंतर परत येणाऱ्याला पहिला महिना हलकं काम आणि शेजारी जुना माणूस, टार्गेट लागू नाही. फोरमन काका, हे तुमच्याच शब्दांत ठेवलं आहे. सुपरवायझरना मानसिक प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, साथ येण्याआधी. समुपदेशक येईल तो कँटीनशेजारच्या खोलीत बसेल, रजिस्टर नाही. गेलेल्या माणसाचं लॉकर आणि यादीतलं नाव घरच्यांना आणि टीमला विचारल्याशिवाय हलवायचं नाही. आणि साथ संपल्याचं जाहीर झाल्यापासून दोन वर्षं हे सगळं चालू ठेवायचं. दोन वर्षं का, असा प्रश्न आला, तेव्हा टोरांटोचे १३ ते २६ महिने कामी आले.

ग्रुप विम्याचंही पाहिलं. मनोमन, तुम्हाला माहीतच असेल, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २१ खाली मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायची तरतूद आहे. आमच्या पॉलिसीत ते संरक्षण होतंच, कामगारांना दिलेल्या मराठी पत्रकात मात्र त्याचा उल्लेख नव्हता. पत्रक पुन्हा छापतोय. १४४१६ ओळखपत्राच्या मागे छापणार.

कंत्राटी कामगारांच्या पगारी रजेवर एकमत झालं नाही. खर्च कुणी सोसायचा यावर अडलं. ठेकेदारांबरोबर पुढच्या पंधरवड्यात बैठक आहे. मी ते कलम मागे घेतलेलं नाही.

आज सकाळी कँटीनच्या काकांच्या घरी गेले होते. राजगुरुनगरच्या पुढे आहे. काकूंनी ओळखलं मला, म्हणाल्या, 'तुम्ही उपवासाच्या दिवशी चहात साखर कमी घ्यायचात, हे सांगायचे.' काकांच्या पेन्शनचे कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आहेत. बघितले. काकूंची पेन्शन चालू आहे. पेन्शनच्या अर्जात, म्हणजे फॉर्म १०-डी मध्ये, थोरल्या मुलाचं नाव आहे, धाकट्या मुलीचं घातलेलंच नाही. पीएफच्या पेन्शन योजनेत दोन मुलांना वयाच्या पंचविशीपर्यंत मिळते. मुलगी आत्ता एकोणीसची आहे, नर्सिंगला आहे. जन्मदाखला आणि बँकेचं पासबुक काढून ठेवायला सांगून आले. गुरुवारी रजा टाकली आहे, तिला घेऊन पीएफ ऑफिसला जाणार आहे.